मस्टरमध्ये दर तारखेनंतर दोन रिकामे कॉलम आपोआप टाकायचे आहेत, काय वापरता तुम्ही?

हिशेबनीस_इतवारी (सोमवार, रात्री 10:42)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट विचारलं की अर्धवटच उत्तर येतं.

मी नागपूरला इतवारीत एका लेबर कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतले 14 ठेकेदार आहेत आमच्याकडे, त्यांचं मस्टर, पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी सगळं आमच्याकडून निघतं. महिना संपला की 1-2 तारखेपर्यंत प्रत्येकाची एक्सेल फाईल येते. ए मध्ये अनुक्रमांक, बी टोकन नंबर, सी नाव, डी काम, मग ई पासून एआय पर्यंत 1 ते 31 तारखा आणि एजे मध्ये एकूण हजेरी. चौथ्या रांगेत तारखांचे आकडे, पाचवीपासून माणसं.

मला दर तारखेच्या उजवीकडे दोन रिकामे कॉलम पाहिजे असतात. एक ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) तासांचा, एक शेऱ्याचा. ओटीच्या चिठ्ठ्या सुपरवायझरकडून वेगळ्या येतात, हातानं लिहिलेल्या, आणि त्या मला त्या त्या तारखेशेजारी चढवाव्या लागतात. म्हणजे एका फाईलीत 31 वेळा राइट क्लिक-इन्सर्ट, 14 फाईली, 434 वेळा. दर महिन्याला माझी एक आख्खी दुपार यात जाऊन राहिली आहे, आणि मधेच कोणी हाक मारली की कोणत्या तारखेवर होते तेच विसरते.

ऑफिसात एक्सेल 2016 आहे. मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून काम आपोआप करून घेणारा छोटा कोड, मी कधी लिहिला नाही, पण शिकायची तयारी आहे. काही टूल असेल तर तेही सांगा.

नंदनवन_क्लास (सोमवार, रात्री 11:05)

ताई, मी एमएस-सीआयटी शिकवते, हा प्रश्न वर्गात दर बॅचला येतो. मॅक्रोच्या आधी एक साधी गोष्ट करून पाहा. कंट्रोल दाबून ठेवायचं आणि एफ, जी, एच असं एकेका कॉलमच्या अक्षरावर वेगवेगळं क्लिक करत एजे पर्यंत जायचं, ओढून एकदम सिलेक्ट नाही करायचं, मग कंट्रोल आणि प्लस. प्रत्येकाच्या डावीकडे एकेक रिकामा कॉलम पडतो. ओढून सिलेक्ट केले तर मात्र 31 चे 31 एकाच जागी पडतात, कारण एक्सेल त्याला एकच तुकडा समजतं.

दुसरं, एक कॉलम हातानं टाकला की पुढच्या ठिकाणी जाऊन फक्त एफ4 दाबायचं, शेवटचं काम परत होतं. लॅपटॉपवर एफ4 ला आवाज कमीजास्त होत असेल तर सोबत एफएन दाबा, नाहीतर कंट्रोल वाय.

मानेवाडा_रिंगरोड (सोमवार, रात्री 11:11)

वाचते आहे. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे, फक्त मस्टरच्या जागी फीचं रजिस्टर.

कोडवाला_पोट्टा (सोमवार, रात्री 11:48)

ताई, 434 वेळा हातानं करायचे दिवस गेले, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेनं 14 फाईली एका दमात होतात. ओपनपायएक्सएल नावाची लायब्ररी आहे, त्यात इन्सर्ट-कॉल्स असं फंक्शन मिळतं, कितव्या जागी आणि किती कॉलम एवढं सांगायचं. फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींवर लूप (तेच काम परत परत करणारा कोड) फिरवला की झालं. मी फायनल इयरला आहे, तुम्ही एक नमुना फाईल द्या, नावं काढून, मी उद्या करून देतो.

बुटीबोरीकर_टाइमऑफिस (मंगळवार, सकाळी 6:20)

बेटा, थांब जरा. त्यांच्या शीटमध्ये फॉर्म्युले आहेत. ओपनपायएक्सएल कॉलम सरकवते, पण फॉर्म्युल्यातले पत्ते बदलत नाही, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे. फॉर्म्युला, टेबल, चार्ट यांचा सांभाळ ती करत नाही. एक्सेलमध्ये आपण कॉलम टाकला की एक्सेल स्वतः सगळे पत्ते पुढे सरकवतं, ही लायब्ररी एक्सेल न उघडता फाईलीवरच काम करते त्यामुळे ते होत नाही. एकूण हजेरीचा कॉलम सरकून सीटी मध्ये जाईल, पण त्यातला फॉर्म्युला ई ते एआय एवढंच बेरजेत धरत बसेल. म्हणजे साधारण 11 तारखेपर्यंतची हजेरी, आणि वरून तेवढ्या दिवसांची ओटी. फाईल उघडेल, एरर येणार नाही, आणि आकडा चुकीचा असेल.

ताई, तुम्हाला एक विचारतो. मी 31 वर्षं टाइम ऑफिसात काढली, आता निवृत्त आहे, म्हणून विचारतो. तुमच्या एकूण हजेरीचा फॉर्म्युला काय आहे? हजेरी मांडता कशी, 1 का पी? अर्धा दिवस कसा मांडता?

कोडवाला_पोट्टा (मंगळवार, सकाळी 8:02)

काका बरोबर आहे तुमचं, आता करून पाहिलं. एक बेरजेचा फॉर्म्युला टाकला, इन्सर्ट-कॉल्स चालवलं, फॉर्म्युला सरकला पण आतले पत्ते जुनेच राहिले. माझ्या प्रोजेक्टमध्ये नुसता डेटा असायचा म्हणून कधी लक्षातच आलं नाही. मग एक्सएलविंग्ज वापरावं लागेल, ते खुद्द एक्सेललाच चालवतं त्यामुळे पत्ते एक्सेलच सरकवेल. पण ताईंच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पायथॉन टाकू देतील का माहीत नाही.

हिशेबनीस_इतवारी (मंगळवार, दुपारी 1:35)

काका, तुम्ही नेमकं दुखणं विचारलं. काल लिहायचं टाळलं होतं, आता लिहिते.

आम्ही हजर म्हणजे 1, अर्धा दिवस म्हणजे 0.5, गैरहजर म्हणजे ए असं मांडतो. एजे मध्ये फॉर्म्युला असा की ई5 ते एआय5 मध्ये 1 किती वेळा आला ते काउंटइफनं मोजायचं, त्यात 0.5 किती वेळा आला त्याचं निम्मं मिळवायचं. ठेकेदारांनी वर्षानुवर्षं हाच वापरला आहे आणि मीही कधी उघडून पाहिला नाही.

दोन महिन्यांआधी मी पहिल्यांदा हे ओटीचे कॉलम मधे टाकायला लागले. त्याआधी ओटी वेगळ्या कागदावर असायची. कॉलम टाकले, फॉर्म्युल्याची रेंज आपोआप लांबली, मला वाटलं छान झालं. ओटी चढवली. कोणी 2 तास, कोणी 3, कोणी 1. ज्यानं ज्या दिवशी 1 तास ओटी केली तो 1 काउंटइफनं हजेरी म्हणून मोजला. एका फाईलीत 9 माणसांची हजेरी जास्त लागली. 31 च्या वर कोणाची गेली असती तर दिसलं असतं, पण कोणाचे 22 चे 24 झाले, कोणाचे 22 चे 26, कोणाच्या डोळ्यात येणार. पगार निघाला. पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या माणसाला कळलं आणि त्यानं जास्तीचे पैसे एकाच वेळी कापून घेतले.

एक हेल्पर ऑफिसात आला. इतवारीपर्यंत बुटीबोरीहून आला, सुट्टी टाकून. खिशातून दोन्ही स्लिपा काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला म्हणाला, मॅडम मी त् 22च दिवस आलो होतो, मले वाटलं ओटीचे जोडले असन म्हणून 26 आले. त्याच्याकडून 4 दिवसांचे पैसे एकदम गेले होते. चूक माझ्या फाईलीत होती आणि सुट्टी त्याला टाकावी लागली. आमच्या सरांनी ठेकेदाराशी बोलून ती कपात तीन महिन्यांत विभागून दिली, पण तोवर त्याचा तो महिना गेला होता.

म्हणून मला नुसतं पटकन होणारं टूल नको आहे. पटकन पण बरोबर असं पाहिजे.

सुपरवायझर_हिंगणा (मंगळवार, दुपारी 2:10)

ताई तुमी हे लिहिलं ते बरं केलं. आमच्याकडं पगार कमी आला का पोट्टे पयले सुपरवायझरलेच पकडते, आमी काय सांगावं त्याइले, आमाले बी समजत नाही आकडा कुठून आला. स्लिपवर हजेरी वेगळी आन् ओटीचे तास वेगळे छापून येत जा, मंग तो माणूस सोताच पाहून घेते. ओटी दुप्पट दरानं लागते हे आता सगळ्याले माहीत आहे, पण तास किती धरले हेच स्लिपवर दिसत नाही.

नंदनवन_क्लास (मंगळवार, दुपारी 3:24)

ताई, वाईट वाटलं वाचून. तुमच्यापुढं दोन कामं आहेत, आधी फॉर्म्युला आणि मग मॅक्रो.

रिकामा कॉलम रिकाम्या डोक्याचा ठेवू नका, टाकल्याबरोबर चौथ्या रांगेत "ओटी" आणि "शेरा" लिहा. मग एकूण हजेरीसाठी काउंटइफ काढून टाका आणि समइफ लावा: जिथे चौथ्या रांगेत 0 पेक्षा मोठा आकडा आहे फक्त त्याच कॉलमची बेरीज. तारखा आकडे आहेत, ओटी आणि शेरा हे शब्द आहेत, त्यामुळे समइफ शब्दांकडे पाहतच नाही. 1 आणि 0.5 दोन्ही सरळ बेरजेत येतात, ए हे अक्षर बेरजेत येत नाही. ओटीच्या एकूण तासांसाठी दुसरा समइफ, निकष "ओटी". चौथ्या रांगेच्या पत्त्याला डॉलर लावायला विसरू नका, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की हेडिंगची रांगही खाली सरकते.

आणखी एक बारीक गोष्ट. 31 तारखेच्या पुढे जे दोन कॉलम पडतील ते जुन्या रेंजच्या बाहेर राहतात. रेंजच्या मधे कॉलम टाकला तर रेंज लांबते, रेंजच्या शेवटाला लागून टाकला तर लांबत नाही. म्हणजे शेवटच्या दिवसाची ओटी बेरजेत येणारच नाही. म्हणून फॉर्म्युला कॉलम टाकून झाल्यावर नव्यानं लिहा, ई पासून सीएस पर्यंत.

बुटीबोरीकर_टाइमऑफिस (मंगळवार, संध्याकाळी 5:50)

मॅडमनं शेवटची गोष्ट सांगितली ती लिहून भिंतीवर लावा. आमच्याकडे 31 तारखेची रात्रपाळी असायची, ओटी सगळ्यात जास्त त्याच दिवशी, माल महिन्याच्या आत बाहेर काढायचा म्हणून.

आणि पगारपत्रकात व्हीलुकअप असेल तर तोही पाहून घ्या. समजा टोकन नंबरवरून बी ते एजे या रेंजमधून 35 वा कॉलम, म्हणजे एकूण हजेरी, उचलता. कॉलम टाकल्यावर रेंज आपोआप बी ते सीटी होते पण 35 हा आकडा हातानं लिहिलेला असतो, तो 35 च राहतो. आणि नव्या मांडणीत 35 वा कॉलम कोणता, तर 11 तारखेच्या ओटीचा. ज्यानं 11 तारखेला 2 तास ओटी केली त्याची महिन्याची हजेरी 2. बाकीच्यांची 0. हे निदान दिसतं तरी. त्याच्या जागी इंडेक्स-मॅच हे दोन फॉर्म्युले जोडून लावा, म्हणजे कॉलम कितीही सरकला तरी फरक पडत नाही. एक्सलुकअप तुमच्या 2016 मध्ये नाही, तो 2021 आणि 365 मध्ये आहे.

कोडवाला_पोट्टा (मंगळवार, रात्री 9:15)

मॅक्रोचं मी सांगतो मग. आल्ट एफ11, इन्सर्ट, मॉड्यूल. मोठं काही नाही, आठ-दहा ओळी.

मुख्य गोष्ट एकच, लूप उजवीकडून डावीकडे चालवायचा. आय (म्हणजे कॉलमचा नंबर) 35 पासून 5 पर्यंत, स्टेप मायनस 1, आणि दर वेळी आय च्या पुढच्या जागी दोन कॉलम इन्सर्ट. मी आधी डावीकडून चालवून पाहिला, काय होते सांगतो: 1 तारीख पाचव्या कॉलमात, तिच्यापुढं दोन टाकले, आता आय 6 झाला पण सहाव्यात 2 तारीख नाहीच, आपण आत्ता टाकलेला रिकामा कॉलम आहे, त्याच्यापुढं अजून दोन, असं करत करत 62 चे 62 कॉलम 1 तारखेच्या पुढं ढीग लावून बसतात आणि 2 तारीख थेट बीपी मध्ये जाते. उजवीकडून आलं की जे सरकते ते आपण आधीच निपटवलेलं असते, डावीकडच्या तारखा जागच्या हलत नाहीत.

मॅक्रो रेकॉर्डर वापरू नका याच्यासाठी. तो त्या दिवशीचे पत्ते जसेच्या तसे लिहून ठेवतो, फेब्रुवारीत 28 तारखा आल्या की गडबड.

हिशेबनीस_इतवारी (मंगळवार, रात्री 10:30)

खूप धन्यवाद सगळ्यांना. बाबू, 28, 30, 31 चं काय करायचं मग? दर महिन्याला 35 बदलायचा?

कोडवाला_पोट्टा (मंगळवार, रात्री 10:52)

नाही ताई, मॅक्रोलाच शोधू द्या. चौथ्या रांगेत अगदी उजव्या टोकाला जायचं आणि एंड, एक्सएलटूलेफ्ट करून शेवटचा भरलेला कॉलम काढायचा. तिथून डावीकडे येत येत प्रत्येक कॉलमचं हेडिंग पाहायचं, आकडा असेल तरच पुढं दोन कॉलम टाकायचे. आकडा आहे का हे पाहायला इझन्यूमेरिक वापरणार असाल तर एक खड्डा आहे, रिकाम्या सेललाही ते हो म्हणते, म्हणून सेल रिकामा नाही हे आधी तपासायचं.

आणि लूपच्याही आधी एक तपासणी अशी की चौथ्या रांगेत "ओटी" हा शब्द आधीच आहे का. असला तर मेसेज दाखवून थांबायचं. नाहीतर चुकून दोनदा बटण दाबलं की प्रत्येक तारखेपुढं चार कॉलम.

नंदनवन_क्लास (बुधवार, सकाळी 7:40)

हे दोनदा बटण दाबायचं फार होतं. आणि ताई, मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल झेड चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मॅक्रोनं शीटमध्ये बदल केला की अनडूची यादी पुसली जाते, मॅक्रोच्या आधी हातानं केलेलं कामही मागे घेता येत नाही. म्हणून मॅक्रोची पहिली ओळच शीटची कॉपी करणारी ठेवा, नवीन शीटला "मस्टर_ओटी" नाव द्या आणि कॉलम त्या कॉपीतच टाका. ठेकेदारानं पाठवलेलं मस्टर जसं आलं तसं राहू द्या. उद्या कोणी स्लिप घेऊन आलं तर मूळ कागद दाखवता आला पाहिजे.

मॅक्रो दर ठेकेदाराच्या फाईलीत ठेवायचा नाही. पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये ठेवा, म्हणजे एक्सेल उघडलं की कोणत्याही फाईलीवर चालतो. फाईलीतच ठेवायचा असेल तर ती एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करावी लागते, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.

आणि रविवारचा पिवळा रंग! नवा कॉलम डावीकडच्या कॉलमाचं फॉरमॅटिंग उचलतो. रविवारच्या पुढच्या दोन्ही कॉलमांना पिवळा रंग येईल, मग प्रिंटवर रविवार तीन दिसतात. इन्सर्टनंतर त्या दोन कॉलमांचा रंग काढायची एक ओळ टाका.

मानेवाडा_रिंगरोड (बुधवार, सकाळी 11:20)

कोणी गूगल शीट्समध्ये करत असेल तर तिथे ॲप्स स्क्रिप्ट आहे, एक्स्टेन्शन्सच्या मेनूत. इन्सर्ट-कॉलम्स-आफ्टर असं फंक्शन, कितव्या कॉलमनंतर आणि किती. लूप तिथेही उजवीकडूनच. वर स्वतःचा मेनू पण बनवता येतो, म्हणजे ज्याला कोड माहीत नाही तोही बटण दाबू शकतो. एक स्क्रिप्ट एका वेळी 6 मिनिटंच चालते, पण 62 कॉलमला तेवढं लागत नाही. मला आवडलं ते व्हर्जन हिस्टरी, काही बिघडलं तर सकाळची प्रत परत आणता येते. आमचं फीचं रजिस्टर मी काल रात्री या धाग्यावरून करून टाकलं, 12 महिन्यांच्या पुढं पावती नंबरचा एकेक कॉलम, पाच मिनिटांत झालं.

सुपरवायझर_हिंगणा (बुधवार, दुपारी 12:45)

हे सगळं ठीक हाय, पण मोबाईलवरून होते का नाही ते सांगा बाप्पा. आमी शॉपफ्लोअरवर कॉम्प्युटर कुठून आणावं.

मानेवाडा_रिंगरोड (बुधवार, दुपारी 1:05)

भाऊ, मोबाईलच्या शीट्समध्ये तो वरचा मेनू दिसत नाही. पण तुम्हाला कॉलम टाकायची गरजच का पडावी? तुम्ही गूगल फॉर्म भरा, टोकन, तारीख, ओटीचे तास, शेरा, बस. चिठ्ठी लिहिण्याऐवजी. ती ओळ थेट शीटमध्ये जाते.

बुटीबोरीकर_टाइमऑफिस (बुधवार, दुपारी 4:15)

मानेवाडावाल्या ताईंनी मुळावरच बोट ठेवलं. मी हेच लिहायला बसलो होतो, पण इथे लाईट गेली, कूलर बंद, बाहेर आग बरसून राहिली, मग आता लिहून राहिलो.

ओटी तारखेच्या शेजारी असावी ही सवय कागदी मस्टरची आहे. कागदावर एका माणसाची एक रांग आणि सगळं त्या रांगेत, कारण सही घ्यायची असते, तपासायला येणाऱ्याला एका नजरेत पाहायचं असते. मी हातानं ओढलेल्या रेघांचे मस्टर लिहिले आहेत, दर तारखेत वरच्या अर्ध्यात हजेरी, खालच्या अर्ध्यात ओटी, तांबड्या शाईनं. कॉम्प्युटरवर तेच चित्र काढायला गेलं की 31 चे 93 कॉलम होतात.

साठवायचं वेगळं आणि छापायचं वेगळं ठेवा ताई. साठवायला एका माणसाची एका दिवसाची एक ओळ: टोकन, तारीख, हजेरी, ओटी, शेरा. समजा एका ठेकेदाराची 120 माणसं, 31 दिवस, 3720 ओळी. एक्सेलमध्ये 10,48,576 ओळी मावतात. यावर समइफ्स लावला की कोणाचे किती दिवस, किती तास, लगेच. ठेकेदाराचं आडवं मस्टर उभं करायला 2016 मध्ये पॉवर क्वेरी आहेच, डेटा टॅबमध्ये, त्यात पहिले चार कॉलम निवडून अनपिव्होट अदर कॉलम्स म्हणायचं. त्याआधी एकूण हजेरीचा कॉलम काढून टाका, नाहीतर तो 32 वा दिवस म्हणून येतो.

छापायची प्रत मॅक्रोनं बनवा, तिथे पाहिजे तेवढे रिकामे कॉलम टाका. त्या प्रतीवरून पगार काढायचा नाही.

हिशेबनीस_इतवारी (बुधवार, रात्री 11:10)

काका, पटलं. पण सगळं एकदम बदललं तर मी या महिन्यात अडकेन, 7 तारखेच्या आत पगारपत्रकं द्यायची आहेत. या महिन्यात मॅक्रो आणि समइफ करते, उभी मांडणी एका छोट्या ठेकेदारापासून सुरू करते.

आत्ता दोन फाईलींवर मॅक्रो चालवून पाहिला. पहिली झाली, मिनिटसुद्धा नाही लागलं, मी खरंच खुर्चीवरून उठून पाणी पिऊन आले. दुसऱ्या फाईलीत एरर, शीट प्रोटेक्टेड आहे म्हणून. आणि तिसरी फाईल मेलवरून आलेली, मॅक्रो असलेली, तिच्यावर तांबडी पट्टी, मॅक्रो ब्लॉक केला म्हणते. काय करू?

नंदनवन_क्लास (बुधवार, रात्री 11:31)

प्रोटेक्टेड शीटचा पासवर्ड ठेकेदाराकडून घ्या, रिव्ह्यू टॅबमध्ये अनप्रोटेक्ट. तांबडी पट्टी म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं 2022 पासून मुळातच बंद केले, व्हायरस त्यातूनच यायचे. फाईलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक असतं. पण ताई, तुमचा मॅक्रो पर्सनल वर्कबुकमध्ये आहे, ठेकेदाराच्या मॅक्रोची तुम्हाला गरजच नाही. अनब्लॉक करू नका, त्यांना साधी एक्सएलएसएक्स मागा. दुसऱ्याचा मॅक्रो काय करतो हे वाचल्याशिवाय सुरू करायचा नाही.

आणि लपवलेले कॉलम आधी उघडून घ्या. काही ठेकेदार रविवार लपवून ठेवतात, छापताना जागा वाचावी म्हणून.

कोडवाला_पोट्टा (गुरुवार, सकाळी 9:20)

वर पहिल्या रांगेत मस्टरचं नाव सगळ्या कॉलमांवर मर्ज केलेलं असेल तर एक काळजी घ्या, कोडमध्ये कॉलम आधी सिलेक्ट आणि मग सिलेक्शन-इन्सर्ट असं दोन पायऱ्यांनी लिहू नका. मर्ज सेलमुळे सिलेक्शन पसरून आख्ख्या मस्टरभर होते आणि मग दोनच्या जागी 30-35 कॉलम पडतात. सरळ कॉलम्स-आय-इन्सर्ट लिहायचं, सिलेक्ट करायचंच नाही.

ज्यांना कोड नकोच त्यांच्यासाठी: कुटूल्स नावाचं ॲडइन आहे, त्यात रिकाम्या रांगा-कॉलम टाकायची सोय आहे, किती अंतरानं आणि किती ते विचारते. विकतचं आहे, काही दिवस फुकट वापरता येते. आणि विंडोज 11 मध्ये पॉवर ऑटोमेट येतं, त्यात एक्सेल शीटमध्ये कॉलम टाकायची तयार ॲक्शन आहे, सांगितलेल्या कॉलमच्या डावीकडे टाकते. 14 फाईली एकामागून एक उघडून करायच्या असतील तर ते चांगलं.

हिशेबनीस_इतवारी (रविवार, दुपारी 12:15)

चौदाही फाईली झाल्या. शुक्रवारी दुपारी बसले आणि चहाच्या आत उठले.

शेवटी असं केलं. मॅक्रो आधी कॉपी बनवतो, "ओटी" शब्द आहे का पाहतो, उजवीकडून डावीकडे कॉलम टाकतो, रंग काढतो, डोक्यावर ओटी आणि शेरा लिहितो, आणि सगळ्यात शेवटी एकूण हजेरी आणि एकूण ओटी असे दोन समइफ नव्यानं लिहितो. त्यापुढं मी एक कॉलम माझ्या मनानं वाढवला, "मूळ हजेरी", ठेकेदाराच्या मूळ शीटमधल्या एजे मधून टोकनवरून इंडेक्स-मॅचनं आणलेली. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर सेल तांबडा होतो. ओटी चढवायच्या आधी आणि चढवल्यानंतर, दोन्ही वेळा पाहिला. एका फाईलीत एक सेल तांबडा झाला, पण चूक माझी नव्हती, ठेकेदारानं एका माणसाची हजेरी फॉर्म्युल्यावर हातानं 25 टाईप केली होती, तारखा मोजल्या तर 26 होत्या. त्याला फोन करून दुरुस्त करून घेतलं. त्या माणसाचा एक दिवस असाच गेला असता.

छापायला दोन पानं केली, 1 ते 15 आणि 16 ते 31, ए पासून सी पर्यंत दोन्ही पानांवर परत येईल असं पेज सेटअपमध्ये टाकलं.

सुपरवायझर भाऊ, स्लिपवर हजेरी आणि ओटीचे तास आता वेगवेगळे छापून येतील, सरांनी परवानगी दिली. तो हेल्पर तुमच्या हिंगण्याचा नाही, बुटीबोरीचा आहे, पण त्याची स्लिप मी स्वतः तारखा मोजून पाहिली. 24 हजेरी, 11 तास ओटी.

सुपरवायझर_हिंगणा (रविवार, दुपारी 2:40)

लई चांगलं केलं ताई. आमच्या पोट्ट्याइच्या स्लिपा आल्या का मी वाचून दाखवतो त्याइले.

मानेवाडा_रिंगरोड (रविवार, संध्याकाळी 7:05)

ताई, तो जुळवणीचा कॉलम मी पण टाकून राहिले आमच्या रजिस्टरात. कोणी लिब्रेऑफिसमध्ये केलं आहे का? आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर एक्सेल नाही.

कोडवाला_पोट्टा (रविवार, संध्याकाळी 7:30)

होते ताई. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये, बेसिक भाषेतला मॅक्रो, इन्सर्ट-बाय-इंडेक्स, पण तिथे कॉलम 0 पासून मोजतात, ए म्हणजे 0, ई म्हणजे 4. एवढं एक पाहून घ्या. बाकी लूप तोच, उजवीकडून. नमुना फाईल पाठवा, आज रात्री करून देतो.